अचलपूर: दोन दिवस, एक मुक्काम

भातकुली, अमरावती, दर्यापूरकडची माणसं चिखलदऱ्याला निघाली की परतवाड्यात थांबतात, चहा घेतात, चाकातली हवा तपासतात आणि घाट चढू लागतात. परतवाड्याला खेटून असलेलं अचलपूर बाजूलाच राहून जातं. १४९० ते १५७४ या काळात स्वतंत्र वऱ्हाडची राजधानी असलेलं, त्याच्याही आधी कितीतरी शतकं ताम्रपटांत नाव असलेलं हे शहर आपल्या हाताच्या अंतरावर आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते नीट पाहिलेलं नाही. ही सहल कशी आखायची ते इथं सविस्तर सांगतो. माझं म्हणणं आधीच मांडतो: अचलपूरला एक पूर्ण दिवस द्या, रात्र परतवाड्यात काढा आणि दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जा. शहर आणि गड एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. एक पाहून दुसरा सोडला, तर पाहिलेलंही अर्धंच कळतं.

स्पेनमध्ये टोलेडो नावाचं असंच एक शहर आहे. टॅगस नदीनं तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवर वसलेलं. राजा फिलिप दुसरा यानं १५६१ मध्ये दरबार माद्रिदला हलवला, सत्ता गेली आणि शहर जुन्या गल्ल्यांसह मागे उरलं. १९८६ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. माद्रिदहून आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासात लोक येतात, एखादं चर्च, एखादा वाडा पाहतात आणि संध्याकाळी परत जातात. शहर जाणणारे मात्र मुक्काम करतात, कारण गर्दी ओसरल्यावर आणि उन्हं उतरल्यावरच गल्ल्यांचा वळणदार आराखडा पायांना कळतो. अचलपूरला टोलेडोसारखी तिकीटखिडकी नाही, छापील नकाशा नाही, दारोदारी पाट्या नाहीत. म्हणून तर आखणी आपणच करायची आहे.

आधी ऋतू. एप्रिल-मे मध्ये अमरावती जिल्ह्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो, त्या उन्हात दगडी दरवाजे आणि उघडा गड पाहणं म्हणजे शरीराला शिक्षा. ऑगस्टच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात, पण गडावरची पायवाट निसरडी होते आणि धुक्यात दहा पावलांवरचा बुरूज दिसत नाही. सप्टेंबरचा शेवट किंवा नोव्हेंबर-डिसेंबर मला सर्वांत योग्य वाटतो. डिसेंबर-जानेवारीत निघालात तर बहिरमची यात्राही भरलेली असते. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा महिनाभराहून अधिक चालते, आणि तिथलं मातीच्या हंडीत शिजवलेलं मटण खायला लोक लांबून येतात. पण एक लक्षात ठेवा, बहिरमला दुपार गेली की त्या दिवसाचं अचलपूर बुडालं. यात्रा करायची असेल तर तिच्यासाठी तिसरा दिवस काढा.

जायचं कसं? आगगाडीचा विचार सोडून द्या. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला येणारी, गेली काही वर्षं बंद आहे. किलिक निक्सन या कंपनीनं कापूस वाहण्यासाठी ती उभी केली, अचलपूरची शाखा १९१३ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या वाफेच्या इंजिनानं १९९४ पर्यंत काम केलं. आता एसटी हाच सरळ मार्ग. भातकुलीहून अमरावती, अमरावतीच्या मध्यवर्ती स्थानकावरून परतवाडा. अमरावती-परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, दीड तास धरा. महिलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या सहलीत जरूर घ्या. ओळखपत्र तेवढं खिशात असू द्या. पहाटेची गाडी पकडली तर नऊच्या आत तुम्ही अचलपूरच्या वेशीत असता.

खिडकीची जागा मिळाली तर या रस्त्यावर झोपू नका. अमरावती सोडल्यावर वलगाव लागतं. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी अमरावतीकडे येताना इथंच, पेढी नदीच्या पुलाजवळ, देह ठेवला. पुढे आसेगावला पूर्णा ओलांडली की शेतांकडे बघत राहा. आपण भातकुलीकर खारपाणपट्ट्यातले. आपल्या विहिरीचं पाणी खारट, ते शेताला दिलं तर जमीन बिघडते, म्हणून आपलं शेत पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, हरभरा घेतं. उत्तरेला जाल तसं हे चित्र बदलतं. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याला गोटे, वाळू, मुरूम यांचे जाड थर आणून टाकले आहेत. पावसाचं पाणी त्या थरांत मुरतं आणि गोडं राहतं. म्हणून बांधावर संत्र्याच्या बागा दिसू लागतात, केळी दिसतात, अंजनगावकडे गेलात तर पानमळे. राजधानी भातकुलीच्या बाजूला न होता अचलपूरला का झाली, याचं पहिलं उत्तर बसच्या खिडकीतूनच मिळतं: तिथं पिण्याचं गोडं पाणी आहे. सापन आणि बिच्छन या दोन नद्या डोंगरातून थेट शहराकडे येतात.

दुसरं उत्तर डोंगराचं. अचलपूरच्या मागे सातपुड्याची भिंत आहे आणि त्या भिंतीतून उत्तरेकडे, बैतूलच्या बाजूला, वाटा जातात. उत्तरेतून दख्खनेत येणाऱ्या फौजेला डोंगर ओलांडल्यावर पहिलं मोठं ठाणं हेच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तेव्हा त्याचा मुक्काम एलिचपुरास, म्हणजे इथंच, पडला होता. ज्या गावात फौजेला पाणी, दाणा आणि पुढचा रस्ता तिन्ही मिळतात, ते गाव कोणत्याही राजाला हवंच असतं.

आपल्या गावाचं नातंही जाता जाता सांगतो. अचलपूरच्या नैर्ऋत्येला चम्मक नावाचं खेडं आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट इथं सापडला. भोजकट राज्यातलं चर्मांक गाव त्यानं एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं त्यात कोरलेलं आहे. भोजकट म्हणजे रुक्मिणीचा भाऊ रुक्मी यानं वसवलेली नगरी. कृष्णाकडून हरल्यावर तो आपल्या राजधानीला, कुंडिनपुराला परतला नाही, अशी ती कथा. या भोजकटाची ओळख भातकुलीशी पटवली जाते. म्हणजे आपण अचलपूरला पाहुणे म्हणून जात असलो, तरी पंधराशे वर्षांपूर्वी तो मुलूख आपल्या गावाच्या नावानं ओळखला जात होता. चम्मकला आज थांबून पाहण्यासारखं फारसं काही नाही, पण मुलांना ही गोष्ट बसमध्ये सांगा. त्यांच्या डोक्यात नकाशा तयार होतो.

परतवाड्यात उतरल्यावर सामान खोलीवर टाका. मुक्काम परतवाड्यातच सोयीचा. बस स्थानक तिथं, जेवणाची सोय तिथं, आणि दुसऱ्या दिवशीची चिखलदऱ्याची गाडीही तिथूनच. परतवाडा हे तुलनेनं नवं गाव. हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेची छावणी इथं पडली आणि छावणीभोवती वस्ती वाढली. मेळघाटच्या सागवानामुळे लाकडाचा मोठा बाजारही इथं आहे. तिथून अचलपूर शहरात जायला ऑटो मिळतो, तीन-चार किलोमीटरचंच अंतर.

शहरात शिरायचं ते दुल्हा गेटपासून. अचलपूर हे पुऱ्यांचं शहर आहे: जीवनपुरा, हिरापुरा, बिलनपुरा, सुलतानपुरा. प्रत्येक पुऱ्याला आपली वेस, आपली बाजारवाट, आपलं देऊळ किंवा मशीद. हे कळलं की गल्ल्यांत हरवायची भीती जाते. रस्ता विचारताना इमारतीचं नाव घेऊ नका, पुऱ्याचं घ्या. पानवाला तुम्हाला नेमकं वळण सांगेल. दरवाजासमोर उभं राहून आधी त्याची जाडी बघा, मग उंची. हत्तीवरचा माणूस न वाकता आत जाईल एवढी कमान, आणि तोफेच्या माऱ्यानं सहज ढासळणार नाही एवढी भिंत, या दोन गरजांतून वेशीचं माप ठरतं. या शहराची तटबंदी आणि गढ्या मुख्यतः नवाबांच्या काळातल्या. १७२४ मध्ये शकरखेड्याच्या लढाईनंतर दख्खन निजामाच्या हाती गेली आणि त्याच्या वतीनं इथं नवाब बसले. इमादशाहीचं, म्हणजे त्या स्वतंत्र वऱ्हाडचं, शहर त्यांच्याही आधीचं आहे, पण त्यावर इतक्या वेळा बांधलं गेलंय की एकाच भिंतीत दोन-तीन काळांचे दगड भेटतात. जुन्या देवळाचा कोरीव दगड पायरीत किंवा ओट्यात दिसला तर थांबा, घरमालकाला विचारा. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी आत बोलावून आणखी दोन दगड दाखवले.

सकाळीच बिच्छन नदीच्या काठाला जाऊन शाह दुल्हा रहमान यांचा दर्गा पाहून घ्या. लोकांत कथा आहे ती अशी: इथं ईल नावाचा राजा होता, त्याच्याशी लढायला गझनीकडून रहमान आला, तो नवरदेवाच्या वेशातच लढला आणि मारला गेला, म्हणून दुल्हा. इतिहासकार या कथेला पुरावा मागतील. पण शहराच्या दरवाजाला आणि दर्ग्याला एकाच माणसाचं नाव आहे, यावरून शहरानं त्याला किती मानलं ते कळतं. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतून इथं नवस बोलले जातात. डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्या, चपला बाहेर काढा, आणि फोटोआधी विचारा. शुक्रवारी दुपारी मशिदींच्या आसपास नमाजाची वर्दळ असते, तेव्हा शुक्रवार टाळला तर फिरणं सोपं होतं.

बारा ते तीन काही पाहू नका. जेवा आणि आडवे व्हा. वऱ्हाडी वरण, रोडगे, वांग्याची भाजी असं जेवण मिळालं तर उत्तम. नाहीतर भाकरी-ठेचाही पुरतो. मुद्दा झोपेचा आहे. दुपारी विश्रांती घेतली नाही तर संध्याकाळी जे पाहायचं आहे तिथं पाय ओढत जावं लागेल, आणि संध्याकाळसाठीच मी सगळ्यांत चांगली जागा राखून ठेवली आहे.

ती म्हणजे हौज कटोरा. शहराच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध. गोल हौद, आणि त्याच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा. ही वास्तू बहमनी काळातली मानली जाते. आज तीन मजले उभे आहेत. मूळचे पाच होते आणि वरचे दोन दगडांसाठी एका नवाबानं उतरवले, असं गावात सांगतात. चार वाजता पोहोचा. आधी लांबूनच एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. अष्टकोनाची गंमत अशी की प्रत्येक पावलाला त्याची रुंदी बदलल्यासारखी वाटते, आणि प्रत्येक बाजूला टोकदार कमानी उघड्या.

आता हा मनोरा काम कसा करत असे ते पाहू. उन्हाळ्यात वारा कुठूनही आला तरी आधी तो हौदाच्या पाण्यावरून येणार. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, हवा गार होते. आठ दिशांना कमानी असल्यामुळे ती गार हवा कोणत्या ना कोणत्या बाजूनं आत शिरते आणि समोरच्या कमानीतून गरम हवा बाहेर पडते. उंच मजल्यावर वारा अधिक, म्हणून मजले चढवले. उन्हाळ्यात आपल्या खिडकीला लागणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हेच करतो, फक्त इथं सगळी इमारतच पाण्यात उभी केली. पुढच्या काळात अहमदनगरच्या निजामशाहांनी फराहबाग बांधला, १५८३ मध्ये पुरा झालेला, तोही हौदाच्या मधोमध. दख्खनच्या सुलतानांना उन्हाळ्याशी कसं वागायचं हे उमगलेलं होतं. आज अचलपुरात काँक्रीटच्या खोल्यांवर पत्रे तापताना दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण उत्तर गावाबाहेर तीन किलोमीटरवर उभं आहे. मोडक्या जिन्यावर चढू नका, मुलांना कडेला सोडू नका, अंधार पडायच्या आत ऑटो बोलावून ठेवा.

रात्री झोपण्यापूर्वी घरच्यांना इमादशाहीची गोष्ट थोडक्यात सांगा, कारण उद्याचा गड तिच्याशिवाय नुसता डोंगर वाटेल. तिचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा विजयनगरचा, कानडी हिंदू घरातला मुलगा. बहमनी फौजेनं तो पकडून आणला, तो मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याच्या घराण्यानं चौऱ्याऐंशी वर्षं राज्य केलं, आणि शेवट कसा झाला ते बघण्यासारखं आहे. तुफालखान या वजिरानं शेवटच्या सुलतानाला नरनाळ्याच्या गडावर कैदेत टाकलं. अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह चालून आला तेव्हा तुफालखान नरनाळ्यात आणि त्याचा मुलगा गाविलगडावर जाऊन बसला. दोन्ही गड पडले आणि १५७४ मध्ये राज्य संपलं. राजधानी म्हणजे अचलपूर, पण शेवटची झुंज डोंगरावर. सपाटीवर कारभार, पाणी, बाजार, बागा, संकटात डोंगर. ही ती व्यवस्था, जिच्यासाठी मी दोन दिवस मागतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं धामणगाव गढीवरून घाटानं चिखलदरा. तीस किलोमीटर, वळणांमुळे तासभर. मळमळ होणाऱ्यांनी उपाशीपोटी बसू नये. चिखलदऱ्याचे पॉइंट नंतर. उन्हं वाढायच्या आत थेट गाविलगड, तो गावापासून जवळच आहे. दोन लिटर पाणी माणशी, टोपी, टाच धरणारे बूट, आणि खाण्याचं थोडं. गडावर दुकान नाही. परिसर जंगलाचा आहे, दिवसाउजेडी परतायचं.

गड बहमनी सुलतान अहमदशाह वली यानं १४२५ च्या सुमारास बांधला आणि फतहुल्लानं तो पुन्हा मजबूत केला. त्याच्या दरवाजावर सिंहांसोबत दोन तोंडांचा गंडभेरुंड हत्तींना पकडून बसलेला कोरलेला दिसेल. हे विजयनगरचं चिन्ह आहे. लहानपणी घरातून ओढून आणलेला मुलगा सुलतान झाला आणि त्यानं आपल्या मुलखाची खूण दरवाजावर कोरून घेतली, असं मी या शिल्पाकडे बघून समजतो. निदान दहा मिनिटं इथं द्या. बहुतेक लोक सेल्फी काढून आत धावतात.

आत गेल्यावर गडाची रचना अशी समजून घ्या. आतला किल्ला दक्षिणेला, जिथं कडा सरळ तुटलेला. तिथून शत्रू चढू शकत नाही. उत्तरेला डोंगर पठाराला जोडलेला, म्हणून त्या बाजूला बाहेरचा दुसरा किल्ला घालून दुहेरी तटबंदी केली. गडाची ताकद दक्षिणेला निसर्गानं दिली, आणि कमजोरी उत्तरेला माणसानं झाकली. आपण चिखलदऱ्याकडून येतो तेव्हा त्या कमजोर बाजूनंच येतो.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीनं नेमकं हेच हेरलं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई जिंकून तो इकडे वळला. स्वतः दक्षिणेच्या पायथ्याशी राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगरातून वळसा घालून उत्तरेला पाठवलं. जड तोफा जंगलातून, रस्ता करत करत, माणसांनी आणि बैलांनी ओढल्या. त्याला चार-पाच दिवस लागले. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, १५ डिसेंबरला आतल्या तटाला शिड्या लावून इंग्रज फौज आत शिरली आणि भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढत मारला गेला. दोनच दिवसांनी पायथ्याच्या देवगावात नागपूरच्या रघूजी भोसल्यांशी तह झाला. तहात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले; ज्या गडासाठी माणसं मेली तो परत दिला गेला, आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड मात्र त्यांच्या हातून गेला. हाच वेलस्ली पुढे स्पेनमध्ये लढला, १८१२ मध्ये सिउदाद रोद्रिगो आणि बादाखोस ही तटबंदीची शहरं त्यानं तटांना खिंडारं पाडून आणि हल्ला करून घेतली. स्पेनच्या त्या तटांवर आज पर्यटक फिरतात, माहितीफलक वाचतात. आपल्या गडावरचं खिंडार आपल्यालाच शोधावं लागतं. उत्तरेच्या तटाला लागून चालत राहा, आणि पठाराकडून तोफ कुठं मांडता आली असती हे स्वतःला विचारत राहा.

मग दक्षिणेच्या कड्याजवळ, पण काठापासून सुरक्षित अंतरावर, या. हवा स्वच्छ असेल तर खाली सपाटी पसरलेली दिसते आणि अचलपूर कोणत्या बाजूला ते ओळखता येतं. कालच्या सगळ्या जागा इथून एका नजरेच्या टप्प्यात येतात. डब्यातलं जेवण इथं सावली बघून करा आणि कागद-पिशव्या परत घेऊन जा.

दुपारी परतवाड्याला उतरल्यावर तासभर हाती असेल, तर महानुभावांचं अष्टमासिद्धी हे ठिकाण अचलपूरजवळच आहे. बावन्न जैन मंदिरांचं मुक्तागिरी मात्र घाईत करू नका. पायऱ्या खूप आहेत आणि पावसाळ्यात तिथला धबधबा पाहण्यासाठीच वेगळी सहल करावी. घरी परतताना आलेल्याच वाटेनं न जाता अंजनगाव सुर्जी, दर्यापूरमार्गे एसटी घेता आली तर घ्या. देवगावच्या तहानंतर तेरा दिवसांनी, ३० डिसेंबर १८०३ रोजी, शिंद्यांशी इंग्रजांचा तह याच अंजनगाव सुर्जीत झाला. या वाटेनं भातकुलीला पोहोचायला उशीर होतो, म्हणून परतवाड्याहून तीनच्या आतली गाडी धरा, आणि दर्यापूरहून पुढची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच स्थानकावर विचारून ठेवा.